दुसऱ्यांदा आलेले फोड : विषाणू बदलला, की तो दुसराच होता?

जुळे सोलापुरातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या साडेतीन वर्षांच्या मुलीला गेल्या पावसाळ्यात हातापायांवर आणि तोंडात फोड आले होते. ‘एकदा होऊन गेलं, आता परत नाही’ असं घरात सगळ्यांनी धरलं. यंदा परत आले, आणि या वेळी गुडघ्यांवर, ढुंगणावर, तोंडाभोवतीही मोठाले उठले. ते वाळून महिना झाला, तर आता बोटांची नखं मुळापासून सुटायला लागलीत. कुणी सांगितलं, ‘व्हायरस बदललाय म्हणून परत झालं.’ शाळेच्या ग्रुपवर कुणी टाकलं, ‘हा पोलिओचाच भाऊ आहे.’ ताई विचारतात : खरं काय? पोलिओचे एवढे डोस दिले त्यांचा इथं काहीच उपयोग नाही का? आणि कुठला व्हायरस आहे याची तपासणी करावी का?

आधी नखांचं, कारण ताईंची झोप त्यानंच उडाली असणार. काळजी करू नका. आजारात नखाच्या मुळाशी वाढ थोडे दिवस थांबते, ती खाच नखाबरोबर पुढं सरकत येते आणि काही आठवड्यांनी जुनं नख तिथून सुटतं. खाली नवं नख येतच असतं. कॅल्शियमचं औषध नको, मलम नको. सुटलेला भाग ओढू नका, कपड्यात अडकत असेल तर कापून टाका.

पण नखांनी एक महत्त्वाची गोष्टही सांगून टाकली. मोठे फोड, नेहमीच्या जागा सोडून अंगभर पसरणं आणि नंतर नखं गळणं हे चित्र कॉक्सॅकी ए६ या विषाणूचं आहे. २००८ मध्ये फिनलंडमध्ये त्याची मोठी साथ झाली आणि तेव्हापासून तो जगभर दिसतो. त्याआधी हात-पाय-तोंडाच्या या आजारात मुख्यतः दोघांची नावं घेतली जायची : कॉक्सॅकी ए१६ आणि एन्टेरोव्हायरस ए७१. गेल्या वर्षी मुलीला साधे, छोटे फोड आले असतील तर तो बहुधा ए१६ असावा. म्हणजे तोच विषाणू वेष बदलून परत आला असं नाही. या वेळी आलेला दुसराच होता, त्याच खानदानातला.

हे एन्टेरोव्हायरसांचं, म्हणजे मुख्यतः आतड्यात वाढणाऱ्या विषाणूंचं, खानदान फार मोठं आहे. माणसाला होणाऱ्या एन्टेरोव्हायरसच्या ए, बी, सी, डी अशा चार प्रजाती धरतात आणि त्यांत मिळून शंभराहून जास्त प्रकार आहेत. सर्दीचे ऱ्हायनोव्हायरस त्याच वंशातले. ते धरले तर आकडा आणखी कितीतरी वाढतो. सगळ्यांची घडण एकच : सुमारे ३० नॅनोमीटरचा गोळा, आत आरएनएचा, म्हणजे त्याच्या जनुकीय मजकुराचा, साधारण ७,४०० अक्षरांचा एकच धागा आणि बाहेर चार प्रथिनांच्या प्रत्येकी ६० प्रतींनी बांधलेलं कवच. आपली प्रतिकारशक्ती ओळखते ती या कवचाला. ए१६ होऊन गेला की ए१६ च्या कवचाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि ती बरीच वर्षं टिकतात. ए६ चं कवच वेगळं, त्यावर त्यांचा जोर चालत नाही. तेव्हा ‘एकदा झालं की परत नाही’ हे घरातल्यांचं म्हणणं अगदी चूक नव्हतं. ते फक्त एका नंबरापुरतं, म्हणजे ए१६ सारख्या एका प्रकारापुरतं, खरं होतं.

हे नंबर पडले कसे, हेही बघण्यासारखं आहे. १९४८ मध्ये गिल्बर्ट डॉलडॉर्फ आणि ग्रेस सिकल्स यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या कॉक्सॅकी गावातल्या आजारी मुलांच्या शौचाचे नमुने उंदराच्या नवजात पिल्लांना टोचले आणि नवाच विषाणू सापडला. पुढं असे बरेच सापडल्यावर पिल्लांना लुळेपणा येतो की ताठरपणा यावरून ए आणि बी असे गट पाडले गेले. पिल्लांना काहीच करत नाहीत पण काचेतल्या पेशी मारतात, ते एको. ही जुनी वाटणी नात्यागोत्याला धरून नव्हती. कॉक्सॅकी ए म्हणून नोंदलेले काही विषाणू आज पोलिओच्या प्रजातीत बसतात, तर कॉक्सॅकी ए९ बी प्रजातीत. १९९९ च्या सुमारास कवचातल्या व्हीपी१ या प्रथिनाच्या जनुकाची अक्षरं वाचून प्रकार ठरवायची पद्धत आली आणि हा गोंधळ निस्तरला. ढोबळ नियम असा : व्हीपी१ ची ७५ टक्के अक्षरं जुळली आणि अमिनो आम्लं ८५ टक्के जुळली, तर प्रकार एकच.

या नियमाकडं जरा थांबून बघा. अक्षरांत चौथा हिस्सा फरक असला तरी आपण त्याला तोच प्रकार म्हणतो, आणि शरीरही बहुतेक वेळा तोच म्हणून ओळखतं. हे जमतं कसं? आरएनएची तीन-तीन अक्षरं मिळून एक अमिनो आम्ल ठरतं आणि तिसरं अक्षर बदललं तरी पुष्कळदा अमिनो आम्ल तेच राहतं. आरएनए बदलत जातो, कवच बरंचसं जागच्या जागी राहतं. त्याला राहावंच लागतं. कवचाला पेशीवरच्या ठराविक रेणूला धरायचं असतं (पोलिओ सीडी१५५ ला धरतो, ए७१ स्कार्बी२ ला), शिवाय पोटातल्या आम्लातून सुखरूप पार व्हायचं असतं. मनाला येईल तसं बदललं तर विषाणूच उपाशी मरेल. म्हणून ‘व्हायरस बदललाय’ हे कुणी म्हटलं की मी विचारतो, कुठला भाग बदलला? तो तर रोजच बदलतो. त्या बदलानं तुमच्या मुलीचं जुनं संरक्षण फुकट गेलं का, हा खरा प्रश्न. एन्टेरोव्हायरसच्या बाबतीत त्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असंच येतं. इन्फ्लुएंझासारखा दर काही वर्षांनी कवच बदलून त्याच माणसाला परत गाठायचा यांचा धंदा नाही. यांचं बळ संख्येत आहे.

बदलाचा वेग मात्र थक्क करणारा आहे. आरएनएची नक्कल करणाऱ्या पॉलिमरेज या विकराला चूक तपासायची सोय नसते. साधारण दर नकलेमागं एखादं अक्षर चुकतं. आतड्यात असे कोट्यवधी विषाणू तयार होतात, म्हणजे एका मुलाच्या पोटात एक विषाणू नसतोच. थोड्याथोड्या फरकांचा घोळका असतो. हा घोळका विषाणूला उपयोगी पडतो का, याचं उत्तर एका सुरेख प्रयोगातून मिळालं. पोलिओच्या पॉलिमरेजमधलं ६४ वं अमिनो आम्ल बदललं की नक्कल जास्त शुद्ध होते, चुका कमी होतात. असा ‘हुशार’ विषाणू उंदरांना दिला तर तो मज्जासंस्थेपर्यंत नीट पोचू शकला नाही. आतड्यात, रक्तात आणि मज्जारज्जूत टिकायला वेगवेगळे गुण लागतात. घोळक्यात ते कुणा ना कुणाकडं असतात.

चुका नेमानं साचत जातात म्हणून त्यांचं घड्याळही करता येतं. पोलिओच्या व्हीपी१ जनुकात सुमारे ९०० अक्षरं आणि वर्षाला अंदाजे एक टक्का, म्हणजे नऊएक अक्षरं बदलतात. सांडपाण्यात सापडलेला विषाणू तोंडी लशीतल्या मूळ जिवंत विषाणूपासून दहा अक्षरं दूर असेल, तर तो सुमारे वर्षभर कुठंतरी माणसामाणसांत फिरत होता असं प्रयोगशाळा सांगू शकते. पोलिओच्या तीन प्रकारांपैकी टाइप १ आणि ३ साठी दहा अक्षरं आणि टाइप २ साठी सहा, ही ‘लशीपासून उपजलेला’ म्हणायची रेघ याच हिशोबानं आखली आहे. २०२२ मध्ये लंडन आणि न्यूयॉर्कच्या गटारांतल्या पाण्यात सापडलेल्या टाइप २ चं नातं असंच जुळवलं गेलं. माझ्या मते या सगळ्या विद्येचा सर्वांत मोठा व्यावहारिक उपयोग हाच.

आता दुसऱ्या प्रकारचा बदल. एकाच पेशीत एकाच वेळी दोन भाऊबंद घुसले, तर नक्कल करणारं पॉलिमरेज मध्येच एक धागा सोडून दुसऱ्या धाग्यावर जातं. यंत्रमागावर बीम संपत आलं की नव्या बीमचे धागे जुन्यांना गाठवतात आणि कापड तसंच पुढं निघत राहतं, तसं. पहिला भाग एकाचा, पुढचा दुसऱ्याचा. हे सांधे मुख्यतः एकाच प्रजातीच्या आत जमतात आणि बहुतेक कवचाच्या भागाबाहेर, नक्कल करणाऱ्या प्रथिनांच्या बाजूला पडतात. त्यामुळं नंबर तोच राहतो, पण आतलं इंजिन परक्याचं असतं. लहान मुलांच्या आतड्यात दोन एन्टेरोव्हायरस एकदम सापडणं आपल्याकडं दुर्मिळ नाही, तेव्हा अशा गाठी पडत असतातच. बहुतेक वाया जातात, एखादी चालून जाते. २०२२ मध्ये फ्रान्समध्ये एको ११ च्या अशाच सांध्यातून आलेल्या एका नव्या शाखेनं नऊ नवजात बाळं गंभीर आजारी झाली आणि त्यातली सात दगावली. इथं एक सूचना देऊन ठेवतो. आईच्या रक्तात त्या नंबराची प्रतिपिंडं नसतील तर बाळालाही ती मिळत नाहीत. घरात मोठ्या मुलाला फोड किंवा ताप असेल आणि कुणाचे दिवस भरत आले असतील, तर त्या बाईनं त्या मुलाचं शी-शू काढायचं काम दुसऱ्या कुणाला द्यावं.

पोलिओच्या नात्याचं उत्तर यातूनच निघतं. पोलिओचे तीनही प्रकार सी प्रजातीत येतात, आणि कॉक्सॅकी ए११, ए१३, ए१७ ही मंडळी त्यांची सख्खी. ए६, ए१६ आणि ए७१ हे ए प्रजातीतले. म्हणजे ग्रुपवरचा निरोप बरोबर आहे, पण नातं चुलत चुलत आहे. पोलिओचा त्याहून जवळचा नातेवाईक सोलापूरकरांनी वेगळ्याच आजारात पाहिलाय. २०२३ च्या पावसाळ्यात अख्ख्या महाराष्ट्रात डोळे आले होते ना? डोळ्यांच्या अशा साथींमागं असणारा कॉक्सॅकी ए२४ चा एक वाण सी प्रजातीतला आहे. १९७० मध्ये सिंगापुरात तो पहिल्यांदा ओळखला गेला. आतड्यात राहणाऱ्या घराण्यातला हा पठ्ठ्या डोळ्यांवर स्थिरावला आणि टॉवेलवरून, हातांवरून पसरू लागला. डी प्रजातीतला डी६८ तसाच नाकाघशात गेला. त्याला आता पोटातलं आम्लही सोसत नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत त्याच्या साथीच्या काळात हातपाय लुळे पडलेली मुलं सापडली, म्हणून त्याच्यावर नजर ठेवतात.

पोलिओची लस पोलिओच्या कवचांविरुद्ध काम करते, बाकीच्यांविरुद्ध नाही. फोड आले म्हणून डोस वाया गेले असं कुणी समजू नये. उलटी गोष्ट मात्र खरी आहे : आतड्यात आधीच दुसरे एन्टेरोव्हायरस मुक्कामाला असले की तोंडावाटे दिलेल्या लशीला नीट रुजता येत नाही. आपल्या मुलांत तोंडी लस पाश्चात्त्य मुलांइतकी लागू पडत नाही, हे वेल्लोरच्या डॉ. टी. जेकब जॉन यांनी १९७० च्या दशकातच दाखवून दिलं होतं. पोलिओ रविवारी बूथवर हटकून एक प्रश्न यायचा, ‘किती वेळा पाजणार हो, दर वेळी तेच?’ विडी घरकुलातल्या बायका तो तेलुगूत विचारायच्या, अक्कलकोट रोडवर कन्नडमध्ये. कारण हे होतं. एका डोसावर भरवसा ठेवता येत नव्हता. शेवटी देशातला रानटी (म्हणजे लशीतला नव्हे, निसर्गातला) पोलिओचा शेवटचा रुग्ण हावड्यात १३ जानेवारी २०११ ला नोंदला गेला आणि २७ मार्च २०१४ ला भारतासह जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया विभागाला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं.

पण तोंडी लशीतला विषाणू जिवंत असतो आणि वर सांगितलेले दोन्ही बदल त्यालाही लागू आहेत. टाइप २ लशीतला मवाळपणा मुख्यतः अक्षरांतल्या दोन बदलांवर टिकून होता. त्यातलं ४८१ वं अक्षर लस घेतलेल्या बाळाच्या आतड्यात काही दिवसांतच मूळ पदावर येतं. आसपासची मुलं लसवंत असतील तर तो तिथंच विरतो. नसतील तर मुलामुलांत फिरत राहतो, आणि सी प्रजातीतल्या भाऊबंदांकडून मागचा भाग उचलतो. २०००-०१ मध्ये हैती आणि डोमिनिकन रिपब्लिकमध्ये टाइप १ ची अशीच साथ झाली. अशा साथींत टाइप २ चाच वाटा सर्वांत मोठा होता, म्हणून एप्रिल २०१६ मध्ये जगभर नेहमीच्या तोंडी लशीतून टाइप २ काढला, आपल्याकडंही काढला, आणि जोडीला इंजेक्शन आलं. आता सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने असे त्याचे तीन छोटे डोस कातडीत देतात. त्यातला नऊ महिन्यांचा डोस लोक हमखास विसरतात. ताई, तुमच्या धाकट्याचं कार्ड बघा.

अशा साथी आवरण्यासाठी केलेल्या नव्या टाइप २ तोंडी लशीची घडण तर या सगळ्या ज्ञानाचं सार आहे. ४८१ चा भाग असा बांधला की एका अक्षरानं तो उलटू नये. नकलेसाठी लागणारा एक तुकडा हलवून त्याच भागाशेजारी आणून ठेवला, म्हणजे एका सांध्यानं तो भाग टाकून देता येऊ नये. आणि पॉलिमरेज असं बदललं की चुका आणि गाठी दोन्ही कमी व्हाव्यात. नोव्हेंबर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तिला आपत्कालीन वापरासाठी यादीत घेतलं. तरीही जिथं लसीकरण फारच तुटक आहे तिथं या लशीपासूनही काही ठिकाणी नवे विषाणू उपजले. उत्क्रांतीला पूर्ण कुलूप लागत नाही.

फोडांवर लस का नाही, असंही लोक विचारतात. चीननं २०१५ च्या अखेरीस ए७१ वरच्या लशीला परवाना दिला, कारण तिथं ए७१ नं मुलं दगावत होती; त्याआधी १९९८ मध्ये तैवानात ७८ मुलं गेली होती. ती लस सी४ या उपगटावर बेतलेली आहे. भारतातल्या नमुन्यांतून ए७१ च्या डी आणि जी अशा वेगळ्याच फांद्या वर्णन झाल्या आहेत. पण अडचण फांद्यांची कमी आणि नंबरांची जास्त आहे : ती लस ए१६ किंवा ए६ ला अडवत नाही, आणि आपल्याकडच्या बहुतेक मुलांना होतात ते हेच. २०२२ मध्ये केरळात ‘टोमॅटो फ्लू’ म्हणून जो गाजावाजा झाला तोही हाच आजार. केरळहून परतल्यावर आजारी पडलेल्या ब्रिटनमधल्या मुलांत ए१६ सापडला. वर्तमानपत्रांनी नवं नाव दिलं आणि माझ्या ओपीडीत महिनाभर लाल टोमॅटोची भीती वाहिली.

एखाद्या वर्षी सोलापुरात फोडांची मुलं रांगेनं येतात आणि पुढच्या वर्षी तुरळक, यालाही नंबरच कारणीभूत. एक नंबर फिरून गेला की बहुतेक लहान मुलं त्याच्यापुरती सुरक्षित होतात. मग नवी बाळं जन्मून ती संख्या पुरेशी साठेपर्यंत त्याला थांबावं लागतं. मलेशियातल्या सारावाकमध्ये १९९७ पासून ए७१ च्या साथी साधारण तीन वर्षांच्या अंतरानं येत राहिल्या. मधल्या काळात दुसरे नंबर आपली पाळी साधतात, म्हणून पालकांना वाटतं आजार दरसाल तोच आहे.

तपासणी? फोडांसाठी नको. खासगी लॅबच्या ‘एन्टेरोव्हायरस पॉझिटिव्ह’ रिपोर्टवर पैसे घालवलेले पालक भेटले की मला वाईट वाटतं. ती चाचणी जनुकाच्या सुरुवातीचा भाग पकडते आणि तो भाग सगळ्या खानदानात जवळजवळ सारखा असतो. आडनाव कळतं, माणूस कळत नाही. नंबर हवा असेल तर व्हीपी१ वाचावं लागतं. ते संशोधन प्रयोगशाळांचं काम आहे, आणि नंबर कळूनही औषध बदलत नाही. पाणी, पेज, थंड ताक, तापाला पॅरासिटामॉल, बस्स. मात्र तीन दिवसांवर ताप, सतत उलट्या, झोपेत वारंवार दचकणं, गुंगी, चालताना झोक जाणं किंवा धाप, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, दवाखान्यात आणा. ए७१ मेंदूच्या देठापर्यंत जातो तेव्हा अशीच सुरुवात होते.

एका बाबतीत तपासणी टाळायचीच नाही. पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर लक्षण दिसल्यापासून चौदा दिवसांच्या आत, चोवीस तासांच्या अंतरानं शौचाचे दोन नमुने जायलाच हवेत, बर्फातून. पोर दोन दिवसांत चालायला लागलं तरी. ‘आता बरा झालाय, संडास कशाला पाठवायची?’ असं घरचे म्हणतात, त्यांना समजवावं लागतं. प्रयोगशाळेत तो नमुना दोन प्रकारच्या पेशींवर वाढवतात. त्यांतल्या एका उंदराच्या पेशींवर माणसाचा पोलिओ-ग्राहक (पोलिओ ज्याला धरतो तो रेणू) बसवलेला असतो, म्हणून त्यांत पोलिओ चटकन वेगळा ओळखू येतो. पोलिओ निघाला तर पुढं अक्षरं वाचून रानटी की लशीचा, आणि लशीचा असेल तर किती अक्षरं दूर, हे ठरतं.

शाळेबद्दल : ताप उतरून फोड वाळले की पाठवा. शौचातून विषाणू पुढं कितीतरी आठवडे जात राहतो, तेवढे दिवस कुणीच मूल घरी ठेवू शकत नाही. सॅनिटायझरवर विसंबू नका. या विषाणूंना मेदाचं आवरण नसतं, त्यामुळं अल्कोहोल त्यांच्यावर कमी चालतं. साबण आणि वाहतं पाणी. आपल्याकडं नळाला रोज पाणी नसतं हे मला माहीत आहे, पण साठवलेल्या पाण्यानंही ते जमतं : बादलीत हात बुडवू नका, तांब्यानं वरून ओता.